घशात काहीच नव्हतं

हे मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, झालेलं सगळं एकदा लिहून काढा, मन हलकं होईल, आणि अशाच त्रासातून जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. मन हलकं वगैरे काही झालेलं नाही. उपयोग मात्र व्हावा असं वाटतं. आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटी सगळ्यांचे आभार मानतात, आजारानं मला खूप शिकवलं म्हणतात. मला आजारानं काही शिकवलेलं नाही. माझा आवाज गेला होता, तो परत आला. तो का गेला हे मला माहीत आहे, आणि ज्यांच्यामुळं गेला त्यांनाही माहीत आहे.

माईक

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंगची सुपरवायझर होते. माल परदेशी जातो. विणून, रंगवून, शिवून आलेला प्रत्येक टॉवेल आमच्या बायका टेबलावर पसरतात, दोन्ही बाजूंनी बघतात, सुटलेला धागा कात्रीनं कापतात आणि डाग दिसला की बाजूला टाकतात. बायका बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या, कुंभारीकडून येणाऱ्या. मागच्या शेडमध्ये यंत्रमागांचा आवाज इतका, की चेकिंगच्या सुपरवायझरला घसा लागतोच. माझा आवाज दणदणीत होता. लग्नात मंगलाष्टकाला मला माईक लागत नसे, असं आमच्याकडं गमतीनं म्हणायचे.

मग नवीन मॅनेजर आले. शिकलेले, नीटनेटके, कधी कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये बघितलेली एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सुट्टीचा भोंगा वाजायच्या आधी सगळ्यांनी अंगणात जमायचं. खांबावर स्पीकर, खाली छोटा ओटा, ओट्यावर माईक. ज्या विभागात त्या दिवशी माल बाद झाला, त्या सुपरवायझरनं ओट्यावर चढायचं आणि सगळ्या कारखान्यासमोर सांगायचं, आज माझ्या विभागात इतका माल बाद झाला, ही चूक माझी आहे, उद्या होणार नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ह्याला ते ओनरशिप म्हणायचे. "आपण फॅमिली आहोत, फॅमिलीत चूक कबूल करायला लाज कसली," असं हसून म्हणायचे.

आता ह्यातली गंमत बघा. डाग पडतो रंगखात्यात. काठ सुटतो शिलाईत. पण तो दिसतो चेकिंगमध्ये, कारण दिसावा म्हणूनच चेकिंग आहे. म्हणजे आम्ही जितकं चोख काम करू तितका माल आमच्याकडं बाद होणार, आणि तितक्या वेळा मी ओट्यावर चढणार. रंगखात्याचे मास्तर महिनोन्महिने ओट्यावर चढले नाहीत. मी जवळजवळ रोज चढत होते. हे मी मॅनेजरना दोनदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार डिफेन्सिव्ह होताय."

माणूस ओरडला तर निदान घरी येऊन सांगता येतं की आज साहेब ओरडले. हा माणूस पाण्याचा ग्लास पुढं करून माणसाचा पाणउतारा करायचा. घरी काय सांगणार?

पोटाला आधी कळलं

ताणाची लक्षणं ओळखा, असं आता जागोजागी लिहिलेलं असतं. माझी मी सांगते. दुपारचा डबा खाऊन झाला की माझी जीभ कोरडी पडायची. शिपाई माईक लावून "हॅलो, हॅलो" म्हणायला लागला की पोटात कळ यायची आणि मी बाथरूमकडं पळायची. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा; डॉक्टर नंतर म्हणाल्या, झोपेत दात आवळत असणार. सुट्टीच्या दिवशी तर आणखी वाईट, कारण उद्या जायचंय हे सकाळपासूनच डोक्यात असायचं. मुलीला, श्रावणीला, उगाच फटकन बोलून जायची. ती नववीत आहे. ती एकदा म्हणाली, "आई, तू घरी पण सुपरवायझरच असतेस."

ही सगळी लक्षणं मला दिसत होती. मी स्वतःकडं लक्ष दिलं नाही म्हणून आजारी पडले, असं मला कुणी शिकवायला येऊ नये. मी बघत होते, मला कळत होतं, आणि मी दोनदा जाऊन सांगितलं होतं. आणखी काय करायला हवं होतं, ते मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

ती संध्याकाळ

एके दिवशी मोठी ऑर्डर जायची होती आणि निम्म्या गठ्ठ्यांवर पिवळट डाग निघाले. रंगखात्याचेच. बहुतेक आम्ही पकडले, थोडे आमच्या नजरेतून सुटून पॅकिंगपर्यंत गेले आणि तिथं सापडले. मॅनेजरनी मला आधी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आज नुसतं माझी चूक म्हणून चालणार नाही. कुणाच्या टेबलवरून सुटलं, तिचं नाव घेऊन सांगा. लोकांना उदाहरण पाहिजे."

टेबल अंबूबाईंचं होतं. अंबूबाई आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. नवऱ्यामागं दोन मुली शिकवल्या, एकीचं लग्न ठरत होतं, आणि मुलाकडचा एक माणूस आमच्याच पॅकिंगमध्ये होता. अंबूबाईंचं नाव त्या स्पीकरवरून गेलं असतं तर ते रात्रीच्या जेवणाआधी व्याह्यांच्या घरी पोचलं असतं. मी हेही केबिनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "इमोशनल होऊ नका."

मी ओट्यावर चढले. माईक हातात घेतला. समोर सगळा कारखाना, पुढच्या रांगेत अंबूबाई पदर खांद्यावर ओढून उभ्या. मी म्हणाले, "आज माझ्या विभागात..." आणि तिथं आवाज थांबला. खाकरले, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. स्पीकरमधून फक्त माझ्या श्वासाचा खरखराट येत होता. कुणीतरी मागं हसलं. मॅनेजर जवळ आले, पाण्याचा ग्लास दिला, म्हणाले, "घ्या, पाणी प्या, मग बोला." मी पाणी प्यायले. पुन्हा हवा.

शेवटी माझी असिस्टंट स्नेहल हिनं माईक घेतला. मोडनिंबची मुलगी, नवीन लग्न झालेलं, हुशार. तिनं तरी अंबूबाईंचं नाव घेतलं नाही, "चेकिंग विभाग" एवढंच म्हणाली. टाळ्या वाजल्या. बसकडं जाताना अंबूबाई माझ्या बाजूला आल्या. "मॅडम, तुमी उगी बोलू नका. घसा बसलाय. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा की," म्हणाल्या. ओट्यावर काय होणार होतं ह्याची त्यांना कल्पनाच नव्हती, आणि मला सांगता येत नव्हतं.

खोकून दाखवा

सासूबाईंनी हळदीचं दूध केलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या बार्शीच्या, मोकळ्या तोंडाच्या. "आगं, बोल की. बोलाय काय झालंय तुला? कुणाची नजर लागली म्हणावं," असं दिवसभर चालायचं. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी पित्त झालं, आवाज आला नाही. मी कामावर जात होते. कुजबुजून बोलायची, तेसुद्धा धाप लागून. आमच्या बायकांनी आपली एक युक्ती काढली: माझी गरज लागली की कात्री टेबलावर दोनदा वाजवायची. मी जाऊन बघायची, मान हलवायची. काम एक दिवस अडलं नाही. त्या वर्षात माझ्यावर झालेल्या मोजक्या उपकारांपैकी हा एक, आणि तो कंपनीकडून आलेला नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंकडं गेलो. बरोबर मल्लिनाथ, माझा नवरा. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बिघाड म्हटला की उघडून बघायचा, जळलेली तार दिसलीच पाहिजे, असा त्याचा स्वभाव. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि स्क्रीनवर आम्हा दोघांना माझा घसा दाखवला. मी मनातून कॅन्सर धरूनच आले होते. खरं सांगते, एक मन म्हणत होतं, काहीतरी निघू दे. निघालं तर दाखवता तरी येईल.

"स्वरतंतू अगदी छान आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता जरा खोकून दाखवा."

मी खोकले. खणखणीत आवाज आला. मीच घाबरले.

"आता 'आई' म्हणा."

हवा.

"आवाज आहे," त्या म्हणाल्या. "बोलायला गेलं की तो येत नाहीये. खूप ताणात असं होतं. हा खराच आजार आहे आणि ह्यातून माणूस बरा होतो."

मल्लिनाथ स्क्रीनकडं बघत होता. म्हणाला, "म्हणजे घशात काहीच नाही. मग हे नाटकच झालं की."

तो वाईट माणूस नाही. पण ते वाक्य त्यानं उच्चारलं आणि मी ते ऐकलं, आणि मला उलट उत्तर देता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टरांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "भीतीनं तुमचे पाय कधी लटपटलेत का?" तो म्हणाला, हो, एकदा शॉक बसता बसता वाचलो तेव्हा. "तेव्हा पायात काही मोडलं होतं का? नाटक करत होता का?" परत येताना मोटारसायकलवर त्यानं चहासाठी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं.

पाण्यात बुडबुडे

उपचार म्हणजे दोन ठिकाणी जायचं. एक मानसोपचाराचे डॉक्टर, एक आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाई. मानसोपचाराचा दवाखाना ज्या इमारतीत आहे तिथं खाली दातांचा दवाखाना आहे. मल्लिनाथनं सगळ्यांना सांगितलं की दातांचं काम चाललंय. आमच्या शेजारच्या काकूंना वाटतं, माझे आता सगळेच दात नवे असणार. त्या वेळी मला ह्याचा संताप यायचा. डोक्याला गुडघ्याइतका तरी मान असावा की नाही? गुडघा दुखला तर गल्लीभर सांगतात.

व्यायामाच्या बाई वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण धीराच्या. त्या मला ग्लासात स्ट्रॉ घालून पाण्यात बुडबुडे काढायला लावायच्या. मोठ्यांदा जांभया द्यायला लावायच्या. गाईसारखं "हंऽऽ" करायला लावायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना काय वाटत असेल देव जाणे. घरी श्रावणी माझ्याबरोबर बुडबुडे काढायची आणि हसून हसून पाणी सांडायची. एकदा मलाही हसू आलं, आणि हसण्याला आवाज होता. तिनं धावत जाऊन आजीला बोलावलं. आजी आली तेव्हा पुन्हा काही नाही.

सगळ्यांत त्रास झाला तो ह्याचा. आवाज होता, माझ्याच अंगात होता, आणि मी बोलावलं की येत नव्हता. त्यामुळं कुणालाही सहज म्हणता यायचं, आत्ता तर आला होता की. आम्ही प्रयत्न करत नाही असं धडधाकट माणसांना का वाटतं? घामानं अंग भिजेपर्यंत मी प्रयत्न करत होते.

माहेरी

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यात, सीमेला लागून. घरात कन्नड. सासर आमच्याच समाजाचं, पण बार्शीकडचं, मराठी बोलणारं. त्यामुळं लग्नानंतर माझं कन्नड फक्त अव्वापुरतं उरलं. अव्वा म्हणजे आई. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून मी थोडे दिवस तिच्याकडं गेले.

अव्वानं काही विचारलं नाही. दुपारी जेवायला बसले तर तिनं हुग्गी केली होती, गव्हाची खीर. वाटी संपली की ती पुन्हा भरायची, त्यावर तूप. मी हात आडवा धरला. तिनं हाताच्या वरून वाढली. मी म्हणाले, "साकु, अव्वा, साकु." पुरे, आई, पुरे.

म्हणाले म्हणजे आवाजात म्हणाले. अव्वाच्या हातातली पळी तशीच राहिली. मी पुढं बोलत गेले, भीत भीत, कन्नडमध्ये, की हे काय झालं, मी बोलतेय. मग मराठीत "अव्वा, मी बोलतेय" म्हणून बघितलं. हवा. पुन्हा कन्नड. आवाज. ती संध्याकाळ मी आणि अव्वा परसात बसून नुसत्या बोलत होतो. कारखान्याचं सगळं मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मल्लिनाथलाही इतकं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तुझ्या आवाजाला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

व्यायामाच्या बाईंना फोनवर मेसेज केला तर त्यांना नवल वाटलं नाही. ज्या भाषेत ओट्यावर उभं केलं त्या भाषेत घसा आवळतो, दुसऱ्या भाषेतून वाट मिळते, असं होऊ शकतं, म्हणाल्या. घाबरू नका, ही चांगली खूण आहे.

चांगली खूण होतीच. तिनंच माझा घात केला.

क्लिप

अव्वाबरोबर मी अक्कलकोटच्या बाजारात गेले होते. बांगडीवाल्याशी कन्नडमध्ये भाव करत होते, बऱ्यापैकी तोंड सोडून. कितीतरी दिवसांनी भांडायला मिळालं होतं, सोडते कशाला? त्याच दिवशी स्नेहल सासरच्या माणसांबरोबर देवदर्शनाला आली होती. तिनं मला बघितलं. हाक मारली नाही. मोबाईल काढला.

कामावर परतले त्या सकाळीच केबिनमध्ये बोलावणं आलं. मल्लिनाथलाही बोलावून घेतलं होतं, "फॅमिली मॅटर" म्हणून. मॅनेजरनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला आणि क्लिप लावली. मी, बांगड्या, आणि माझा तो खणखणीत आवाज. स्नेहल कोपऱ्यात उभी होती, पायाच्या अंगठ्याकडं बघत.

"मॅडम, हा तुमचाच आवाज ना?"

मी कुजबुजले, "हो." आणि माझ्याच कानांना ते किती खोटं वाटलं.

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचलीसुद्धा. मग तितक्याच गोडीनं म्हणाले, "आम्हाला ॲक्शन घ्यायची नाही. संध्याकाळी ओट्यावर या, झालं ते सांगा, विषय संपला. कन्नडमध्ये बोललात तरी आम्हाला चालेल."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. जी एक वाट मला सापडली होती, ती हा माणूस त्याच ओट्याकडं वळवत होता. मी मान हलवली. नाही. मग राजीनाम्याचा विषय निघाला. त्यालाही मान हलवली. मल्लिनाथ सगळा वेळ खुर्चीच्या कडेला बसून होता. बाहेर आल्यावर, गाडीला किक मारल्यावर म्हणाला, "आवाज तुझा आहे, तू कुठल्या भाषेत बोलशील हे सांगणारा हा कोण?"

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि कुजबुजले, हे आत बोलायचं होतं. हेल्मेटमुळं त्याला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन दवाखान्यात माझ्याबरोबर वर आला, खाली पानटपरीवर थांबला नाही, आणि काकूंनी विचारल्यावर म्हणाला, "दातांचं नाही, ताणाचं आहे. नोकरीतला." हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

गोदाम

कंपनीला मला काढता येईना, डॉक्टरांची चिठ्ठी होती. म्हणून माझी बदली सुताच्या गोदामात केली. स्नेहल सुपरवायझर झाली. गोदामात सूत गुंडाळलेल्या कोनांची खोकी, एक वजनकाटा आणि कबुतरं. शिक्षा म्हणून दिलेली ती जागा मला मानवली. तिथं माल बाद होत नाही. मी कबुतरांना मराठीत दम भरायचा सराव करायची. "हुश" आलं. मग "हुश, पळ." तीही गोष्ट मी व्यायामाच्या बाईंना अभिमानानं सांगितली.

मग कंपनीनं तणावमुक्ती शिबिर ठेवलं. सुट्टीच्या दिवशी, सक्तीचं, पगार नाही. जागा तीच, अंगण. बाहेरून आलेल्या एका सरांनी आम्हाला दोन्ही हात वर करून हसायला लावलं. चेकिंगच्या बायका उन्हात उभ्या राहून हा हा हा करत होत्या. घरी धुण्याचे ढीग पडले असतील त्यांच्या. मग सर म्हणाले, "लक्षात ठेवा, ताण बाहेर कुठंही नसतो. ताण आपल्या आत असतो. आपण बदललो की ताण संपला."

"बाहेर असतो."

कोण बोललं म्हणून सगळ्यांनी मागं बघितलं. मीपण बघितलं. मग कळलं, मी बोलले होते. मराठीत, पूर्वीसारखं, माईकशिवाय.

"बाहेरच असतो," मी पुन्हा म्हणाले. "तो काय, खांबाला लावलाय." आणि स्पीकरकडं बोट दाखवलं. "तो काढा. मग बघू आत किती उरतो ते."

कात्री नव्हती म्हणून अंबूबाईंनी बांगड्या पाण्याच्या पिंपावर आपटल्या, दोनदा. मग दुसरीनं, मग तिसरीनं. मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याकडं येत होते. मी म्हणाले, "मला तहान नाही."

इथं गोष्ट संपली असती तर बरं वाटलं असतं. माईक निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून सभा पुन्हा सुरू. माझा आवाज मात्र राहिला. थकले की फाटतो, केबिनजवळून जाताना अजून बारीक होतो, पण राहिला. गोळ्या हळूहळू कमी झाल्या.

स्नेहल

परवा, म्हणजे हे लिहायला बसले त्याच्या थोडं आधी, संध्याकाळच्या सभेची वेळ होत आली होती आणि स्नेहल गोदामात आली. इतके महिने ती माझ्या समोरही येत नव्हती. चेहरा पांढराफटक. एका खोक्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, माईकची वेळ झाली की मला उलटी होते. रोज. सासूबाईंना वाटतंय दिवस गेलेत. त्यांनी माहेरी फोनपण केला. दोनदा टेस्ट केली, तसं काही नाही. दवाखान्यात गेले तर म्हणाले पोटात काहीच नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ती क्लिप होती, बांगड्या आणि तिचा तो अंगठा. जिभेवर प्रश्न तयार होता: नाटक तर करत नाहीस ना? आवाजही तयार होता. माझ्या आजारपणात मला जेवढ्यांनी हा प्रश्न विचारला त्या सगळ्यांचा सूड एका वाक्यात घेता आला असता. मला तिचा राग आहे. आजही आहे, आणि तो जावा म्हणून मी काही करणार नाही.

"ताई, खरंच होतंय हो," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणाले. "ऊठ."

बाहेर शिपायाचं "हॅलो, हॅलो" सुरू झालं होतं. तिनं तोंडावर हात दाबला. मी तिचा दुसरा हात धरला आणि अंगणाला वळसा घालून तिला गेटकडं घेऊन निघाले, माझ्या डॉक्टरांकडं. स्पीकरवरून नाव आलं, स्नेहल मॅडम, ओट्याजवळ या. ती थांबली. मी थांबले नाही, म्हणून तिलाही चालावं लागलं.

गेटवर वॉचमननं अडवलं. "सभा सुरू व्हायलीय, मॅडम. आता कसं सोडू? कारण लिवावं लागतंय. काय लिवू?"

"आजारी."

त्यानं स्नेहलला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हिला तर काय झाल्यालं दिसत न्हाय."

"दिसत नाही," मी म्हणाले. "तरी लिहा."